ग्लायडर घेण्याआधी ऑक्सिजनचं बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्लायडिंगवर लेख आला होता, तो इथे नेवाडात बसून वाचला आणि फार बरं वाटलं. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर, विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळत खेचून वर सोडणं, इंजिन नसताना थर्मलवर, म्हणजे तापून वर जाणाऱ्या हवेवर, गोल गोल फिरत वर चढणं, सगळं छान लिहिलं होतं. मी पण हडपसरलाच शिकलो आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत मिंडेन नावाच्या गावाहून उडतो. त्या लेखाच्या शेवटी एका ओळीत एवढंच होतं की जास्त उंचीवर जायचं तर सोबत ऑक्सिजन ठेवावा. त्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे, जरा लांब होईल, पण छापाच.

कारण काय, आपल्याकडची पोरंपोरी आता बाहेर येऊन उडायला लागलीत, कुणी इथे सिएरा नेवाडात, कुणी न्यूझीलंडला ओमारामाला. त्यांचे मेसेज येतात तेव्हा ग्लायडर कुठला, व्हेरिओ (चढ-उतार दाखवणारं उपकरण) कुठला, फ्लाइट कॉम्प्युटर कुठला यावर भरभरून प्रश्न असतात आणि शेवटी एक ओळ, काका, घरी कोविडमधला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडलाय, तो चालेल का. नाही चालणार. आणि हा प्रश्न शेवटी नाही, सगळ्यात आधी विचारायला पाहिजे.

हडपसरला याची गरज पडत नाही हे खरंय. पुण्याची जमीन १,९०० फुटांच्या आसपास, विंचवरून हजारेक फूट मिळतात, त्यात वरती लोहगाव विमानतळाचं ट्रॅफिक, म्हणजे ऑक्सिजनचा विषयच निघत नाही आणि म्हणून शिकतानाही तो कानावरून जातो. इथे मिंडेनची धावपट्टीच ४,७२२ फुटांवर आहे, आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी उंच. उन्हाळ्यात थर्मलवरच माणूस १५-१७ हजारांवर जातो. आणि हिवाळ्यात, वसंतात पश्चिमेचा वारा सिएराच्या रांगेवर आडवा आदळला की पलीकडे हवेच्या लाटा उभ्या राहतात, तिला वेव्ह म्हणतात, वर भिंगाच्या आकाराचे लेंटिक्युलर ढग दिसतात. त्या लाटेत ग्लायडर मिनिटाला हजार फूट सहज चढतो, कधी दोन हजार. एरवी १८ हजार फुटांच्या वर इथे मोठ्या विमानांची हद्द लागते, पण कंट्रोलशी बोलून वेव्ह विंडो, म्हणजे ग्लायडरांसाठी तात्पुरता मोकळा ठेवलेला आकाशाचा तुकडा, उघडून घेता येते आणि मग पोरं २५ हजार, २८ हजार गाठतात.

आता बघा, लेहला आपली माणसं जातात ते साधारण साडेअकरा हजार फूट. तिथे उतरल्यावर दोन दिवस खोलीत पडून राहा म्हणतात, शरीराला सवय होऊ द्या. ग्लायडरमध्ये ती सवय व्हायला वेळच नसतो, अर्ध्या तासात माणूस लेहच्याही बरंच वर गेलेला असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, कमी होतो तो दाब, १८ हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्मा. १८ हजारांवर बिनऑक्सिजनचा माणूस कामाचं डोकं शाबूत ठेवून २० ते ३० मिनिटं राहतो असं धरतात. २५ हजारांवर ३ ते ५ मिनिटं. ३० हजारांवर एक-दोन. हे आकडे तब्येतीप्रमाणे, थंडीप्रमाणे, आदल्या रात्रीच्या झोपेप्रमाणे खाली येतात, वर जात नाहीत.

पण आकड्यांपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. दम लागतो, गुदमरतं, म्हणजे आपल्याला कळेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते आणि उंचीवर तो श्वासातून बाहेर पडतच असतो. उलट मस्त वाटतं, हलकं वाटतं, आज आपण भारी उडतोय असं वाटतं. आमच्या इथल्या एका फार अनुभवी पायलटला एकदा वेव्हमध्ये असताना रेडिओवर उंची विचारली तर त्याने सांगितली, मग न विचारता परत तीच सांगितली, मग परत, आणि आवाज एकदम खुशीत. खाली ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी एअरब्रेक (ग्लायडर खाली आणणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) उघड आणि खाली ये, एअरब्रेक उघड आणि खाली ये, एवढंच सारखं सारखं सांगितलं आणि सुदैवाने त्याने ऐकलं. नंतर कळलं की ऑक्सिजनच्या नळीचा जोड अर्धाच बसला होता आणि मांडीखाली निसटला होता. त्याला स्वतःला वर असताना काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो की ऑक्सिजनचं जे काही ठरवायचं ते जमिनीवर, डोकं जाग्यावर असताना ठरवायचं. वर गेल्यावर "लागला तर लावू" हे ठरवणारं डोकंच आधी जातं.

अमेरिकेतला नियम साधा आहे. १२,५०० फुटांच्या वर १४,००० पर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलात तर पायलटने ऑक्सिजन घ्यायचा, १४,००० च्या वर पूर्ण वेळ, आणि १५,००० च्या वर बरोबरच्या माणसालाही ऑक्सिजन उपलब्ध पाहिजे. पण ही कायद्याची रेघ आहे, मेंदूची नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर १० हजारांपासूनच घ्यावा, आणि लांबची फ्लाइट असेल, पाच-सहा तास ११-१२ हजारांवर बसायचं असेल, तर नक्कीच घ्यावा. लँडिंग शेवटी असतं आणि दिवसभर थोडा थोडा कमी ऑक्सिजन घेतलेला माणूस लँडिंगलाच चुकतो.

आता कॉन्सन्ट्रेटर का नाही. घरातलं ते पाच लिटरचं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट वीज खातं. ग्लायडरमध्ये १२ व्होल्टची साधारण ९ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तीही रेडिओ आणि उपकरणांसाठी. हिशोब करा, वीसेक मिनिटांत संपली. वजन आणि जागा तर सोडूनच द्या. शिवाय हे मशीन बाहेरची हवा ओढून तिच्यातला नायट्रोजन गाळतं, बाहेर हवाच विरळ झाली की ते हवं तेवढं देऊच शकत नाही, म्हणजे गरज वाढते तिथेच ते मागे पडतं. पोर्टेबल, बॅटरीवर चालणारे छोटे कॉन्सन्ट्रेटर काही पायलट मध्यम उंचीला वापरतात, पण ते घेताना कंपनीने किती उंचीपर्यंत चालेल म्हटलंय ते वाचा आणि वेव्हसाठी तर नकोच. आणि लेहला मिळतात तसे ऑक्सिजनचे स्प्रेसारखे कॅन, त्याच्यात साधारण दहा लिटर गॅस असतो. १८ हजारांवर साध्या सतत प्रवाहाच्या पद्धतीत मिनिटाला १.८ लिटर लागतात. साडेपाच मिनिटं. ते ग्लायडरमध्ये नेऊच नका.

म्हणजे सिलेंडरच लागतो. आणि सिलेंडरपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो ऑक्सिजन नाकापर्यंत पोचवतो कोण. सगळ्यात साधी पद्धत सतत प्रवाहाची, म्हणजे नळीतून ऑक्सिजन वाहतच राहतो, तुम्ही श्वास सोडता तेव्हाही, म्हणजे बराचसा वाया. दर १० हजार फुटांना मिनिटाला एक लिटर हा तिचा ठोकताळा आणि उंची बदलली की फ्लोमीटरची चकती हाताने फिरवायची. मोडण्यासारखं त्यात फारसं काही नाही हा तिचा गुण. फिरवायला विसरता येतं हा अवगुण, आणि तो मोठा आहे, कारण विसरायची वेळ नेमकी चढताना येते.

दुसरी पद्धत पल्सची. इथल्या ग्लायडरांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते माउंटन हाय कंपनीचं ईडीएस. तुम्ही श्वास आत घ्यायला लागलात की ते दाबातला बारीक फरक ओळखून श्वासाच्या सुरुवातीलाच ऑक्सिजनचा एक झटका देतं. सुरुवातीलाच का, तर श्वासातली पहिली हवा फुप्फुसात खोल जाते, शेवटची घशात आणि श्वासनलिकेतच राहते आणि तशीच बाहेर पडते. उंचीचा सेन्सर आत असतो, वर जाल तसा झटका मोठा होतो, तुम्हाला काही फिरवावं लागत नाही. बराच वेळ श्वास सापडला नाही तर ते ओरडतं. ऑक्सिजन इतका वाचतो की तोच सिलेंडर कितीतरी जास्त तास जातो. मला विचाराल तर १८ हजारांपर्यंत उडणाऱ्या माणसाने दुसऱ्या कशाकडे बघू नये. फक्त दोन गोष्टी. एक, ते बॅटरीवर चालतं आणि थंडीत साधे अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियमचे एए सेल घाला आणि जोडी जादा ठेवा, तीही आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. दोन, नाकातल्या नळीवर, म्हणजे कॅन्युलावर, ते तुमचा नाकाने घेतलेला श्वासच ओळखतं. सर्दी झाली असेल, तोंडाने श्वास घेत असाल, सारखं बोलत असाल तर त्याला कळत नाही. सर्दी असेल त्या दिवशी मास्क लावा किंवा खालीच राहा.

तिसरी जुनी पद्धत, लष्कराच्या जुन्या सामानातले डायल्यूटर डिमांड रेग्युलेटर, ए-१४ वगैरे. श्वास ओढला की देतात, खाली केबिनची हवा मिसळून आणि वर गेलं की शुद्ध ऑक्सिजन. वेव्हवाल्यांचा यावर फार जीव आहे आणि त्यात तथ्य आहे, बॅटरी लागत नाही आणि खूप उंचीवर हेच भरवशाचं. पण आतलं रबर दशकांपूर्वीचं असतं. ज्याची तपासणी कोणी, कधी केली त्याचा कागद नाही तो रेग्युलेटर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

कॅन्युला आणि मास्क यातली रेघ पक्की लक्षात ठेवा, १८ हजार फूट. त्याच्या वर मास्कच. आणि मास्क घेताना त्याच्यात माइक आहे का बघा, नाहीतर रेडिओवर बोलायला प्रत्येक वेळी मास्क काढणार. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, कडेने हवा आत येते, तेव्हा दाढीवाल्यांनी वेव्हच्या आधी हे जमिनीवर तपासावं. मास्क वीस हजारांवर पहिल्यांदा लावून बघायची वस्तू नाही, जाड हातमोजे घालून, पट्टे आवळलेले असताना तो लावता येतो का ते घरी खुर्चीत बसून करून बघा.

आणखी वर? ३३-३४ हजारांपर्यंत शुद्ध ऑक्सिजनवर माणूस समुद्रसपाटीसारखा राहतो, ४० हजारांवर शुद्ध ऑक्सिजन घेऊनही तो १० हजारांवर साध्या हवेत बसल्यासारखा असतो, त्याच्या वर दाबाने ऑक्सिजन आत ढकलावा लागतो आणि पन्नास हजारांच्या आसपास दाबाचा सूटच पाहिजे. पॉल बाइकल १९६१ साली कॅलिफोर्नियात ४६,२६७ फुटांवर गेले, रॉबर्ट हॅरिस १९८६ ला ४९,००९ वर, दोघेही बिनदाबाच्या केबिनमध्ये. २००६ मध्ये अर्जेंटिनात स्टीव्ह फॉसेट आणि आइनार एनेव्होल्डसन ५०,७०० फुटांच्या वर गेले ते प्रेशर सूट घालून. आणि २०१८ च्या सप्टेंबरात पर्लान २ ने तिथेच ७६ हजारांच्या वर मजल मारली, तर त्याची केबिनच दाबाची बनवली होती. ही माणसं मला देवासारखी आहेत. पण त्यांचे आकडे वाचून कोणी आपला कॅन्युला तीस हजारांवर नेऊ नये म्हणून हे सगळं सांगितलं.

सिलेंडरचा हिशोब स्वतः करायला शिका, अवघड नाही. दोन लिटरचा सिलेंडर २०० बारला भरला की ४०० लिटर ऑक्सिजन. १८ हजारांवर सतत प्रवाहाने १.८ लिटर, म्हणजे पावणेचार तासांना थोडं कमी. दोन माणसं असतील तर त्याच्या निम्मे. मागच्या सीटवरच्या माणसाचं वेगळं कनेक्शन, वेगळी नळी, आणि ती चालू आहे हे त्याच्याकडून वदवून घ्या. भरताना गॅस तापतो, गेज भरलेला दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो, म्हणून सावकाश भरायचा. वर गेल्यावरही तेच, जमिनीवर २० अंश आणि वर उणे २० असेल तर गेज साधारण चौदा टक्के खाली दिसतो, गळती नसताना. हे माहीत नसलं की पायलट घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे "थंडीमुळे असेल" म्हणून खरी गळती सोडून देतो. म्हणून दर वेळेचे आकडे वहीत लिहा म्हणजे आपल्या सिलेंडरचा स्वभाव कळतो. अॅल्युमिनियमच्या सिलेंडरची इथे दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते, जुना सिलेंडर घेताना खांद्यावर ठोकलेली तारीख वाचा. जोडांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही लागता कामा नये, दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. ओठ फुटतात म्हणून पेट्रोलियम जेलीवाला लिप बाम लावून मास्क लावणारे मी पाहिलेत, पाण्यावर आधारित बाम मिळतो तो घ्या. आणि बऱ्याच ग्लायडरमध्ये सिलेंडर सीटच्या मागे असतो, त्याची चावी हवेत हाताला येत नाही, ती टेकऑफच्या आधी उघडली का हे चेकलिस्टमध्ये मोठ्या अक्षरात पाहिजे.

ऑक्सिमीटरबद्दल मुद्दाम लिहितो कारण २०२१ नंतर महाराष्ट्रात घरटी तो आहे आणि सॅच्युरेशन हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. न्या जरूर, पण त्याच्यावर विसंबून ऑक्सिजन उशिरा लावू नका. थंडीत बोटाकडचं रक्त आटतं, वाचन भलतंच येतं. फुप्फुसात कमी झालेलं बोटात दिसायला वेळ लागतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो, म्हणजे आकडा खोटा चांगला. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं, सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खरं आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी छापलेल्या अभ्यासात यंत्राने चुकवलेला ऑक्सिजनचा तुटवडा गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा सापडला होता. तेव्हा ९२ दिसतंय म्हणजे ९२ आहे असं आपण तरी धरू नये.

आपल्या मातीशी याचा खरा संबंध येतो तो पॅराग्लायडिंगमध्ये. कामशेतला शिकलेली मंडळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमाचलला बीर-बिलिंगला जातात, टेकऑफच २,४०० मीटरवर, आणि धौलाधारवर लांब उडणारे चार-पाच हजार मीटरवर जातात, म्हणजे १३ ते १६ हजार फूट. आणि बहुतेकांकडे काहीच नसतं. ढगात ओढले गेले तर किती वर जाऊ याला मर्यादा नाही, २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एवा विश्निएर्स्का वादळी ढगात सापडून ९,९४६ मीटरवर गेली, बेशुद्ध झाली, गोठली आणि वाचली, त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट मात्र गेला. तो ढग टाळायचाच असतो, ऑक्सिजन त्यावरचा उपाय नाही. पण रोजच्या साडेचार हजार मीटरसाठी छोटा सिलेंडर आणि पल्सचं यंत्र हार्नेसमध्ये आरामात बसतं.

परदेशातून सिलेंडर आणायचा विचार असेल तर भरलेला सिलेंडर प्रवासी विमानात सामानात नेऊ देत नाहीत. रिकामा आणलात तरी भारतात गॅस सिलेंडरला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅसच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते, त्यांचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, आधी तिथे विचारा. आणि अमेरिकन सिलेंडरचा आटा आपल्याकडच्या मेडिकल ऑक्सिजनच्या जोडाला बसत नाही, जुगाड अॅडॉप्टर मात्र कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये बनवून घेऊ नका. यंत्र आणि कॅन्युला बाहेरून आणा, सिलेंडर भारतातला मान्यताप्राप्त घ्या, हे मला जास्त सरळ वाटतं.

इथे उडायला येणाऱ्यांसाठी शेवटचं एक. ओक्लाहोमा सिटीला एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, वैद्यकीय संस्था आहे, तिथे पायलटांना उंचीच्या शरीरशास्त्राचं प्रशिक्षण फुकट देतात, ऑक्सिजन कमी झाल्यावर आपलं स्वतःचं काय होतं ते देखरेखीखाली अनुभवता येतं. कुणाची बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, कुणाला साधी वजाबाकी जमत नाही, कुणी नुसतं हसत बसतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. जागा लवकर भरतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी नाव नोंदवा, आणि तिथून आल्यावर मग कुठला सिलेंडर, कुठला मास्क ते विचारा, मी उत्तर देईन.

आपला,
एक वाचक
मिंडेन, नेवाडा (मूळचा पुण्याचा)